परीक्षा दे, पण आधी गडगा घाल

पत्र

ताई,

मी चिपळूणला राहते. बी.एस्सी. केमिस्ट्री झाल्यावर लॅबमध्ये लागले आणि गेली सहा वर्षं लोटे-परशुरामच्या एका रसायन कारखान्यात प्लॅनिंग बघते. रोज संध्याकाळी एक्सेलमध्ये दुसऱ्या दिवसाचं शेड्यूल काढते आणि सकाळी अकरापर्यंत ते मोडलेलं असतं. कधी कच्चा माल घाटात अडकतो, कधी सेल्सचा फोन येतो, कधी ड्रायर मोकळा नसतो. प्लांट हेड म्हणतात, कागदावरचं प्लॅनिंग इथे चालत नाही.

माझ्याबरोबरची मैत्रीण चाकणला गेली, तिने सीपीआयएम हे प्लॅनिंगचं सर्टिफिकेट केलं आणि तिला प्लॅनिंग मॅनेजरची जागा मिळाली. एका क्लासने मला सगळं मिळून 1 लाख 40 हजार सांगितलेत, हप्त्यांची सोय आहे. घराचं कर्ज चालू आहे, मुलगा पहिलीत आहे. नवरा म्हणतो, कर. सासूबाई काही बोलत नाहीत, पण पहाटे अभ्यासाला बसले की डबा त्यांच्यावर येणार हे त्यांनाही कळतं आणि मलाही. मला कोकण सोडायचं नाही. इंग्रजी बेताचं आहे. मग हे सर्टिफिकेट घेऊन मी करणार काय?

– प्लॅनिंगवाली, चिपळूण

उत्तर

बाय, तुझ्या पत्रातल्या ‘सकाळी अकरापर्यंत’ या शब्दांवर मी थांबले. शेड्यूल मोडतं असं सगळेच सांगतात. ते किती वाजता मोडतं हे तुला ठाऊक आहे, म्हणजे तू ते मोडताना रोज पाहत असतेस. या कामात नजरच लागते, आणि ती तुझ्याकडे आहे.

माझं मत आधीच सांगते. परीक्षा दे. पण या महिन्यात पैसे भरू नकोस आणि हप्त्यांवर तर अजिबात नको. मधल्या दोन-अडीच महिन्यांत काय करायचं ते पुढे लिहिते. ते न करता अभ्यासाला बसलीस, तर पास होशील आणि तुझं शेड्यूल तरीही अकरालाच मोडेल.

ही परीक्षा कुणाची हे नीट समजून घे, कारण क्लासवाले ते कधी धड सांगत नाहीत. अमेरिकेत 1957 साली उत्पादन आणि साठा नियंत्रण करणाऱ्या लोकांनी ॲपिक्स ही संस्था काढली. आज ती एएससीएम या नावाने ओळखली जाते. सीपीआयएम हे तिचं प्रमाणपत्र 1973 पासून आहे. मी ते दिलं तेव्हा पाच वेगवेगळे पेपर होते आणि एकेक पेपर करत पाचही संपवायला मला दोन वर्षं लागली. आता एकच परीक्षा आहे: 150 प्रश्न, साडेतीन तास, सगळे बहुपर्यायी. गुण 200 ते 350 या पट्टीवर मिळतात आणि 300 ला पास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. अभ्यासक्रमाचे आठ भाग आहेत. धंद्याच्या धोरणापासून सुरुवात होते, मग मागणी, पुरवठा, साठा, वितरण, गुणवत्ता. तुझं रोजचं काम त्यातल्या सहाव्या भागात येतं, तपशीलवार शेड्यूल आखणं आणि राबवणं. तो भाग तुला सोपा जाईल असं वाटेल. तिथेच सांभाळ.

मी त्याच पेपरात नापास झाले होते. मास्टर प्लॅनिंग, साठा, सगळं निघालं, आणि शेड्यूलिंगचा पेपर, जो मी रोज जगत होते, तो गेला. कारण प्रत्येक प्रश्नाला मी माझ्या कारखान्यातलं उत्तर दिलं. ‘ऑर्डरला उशीर होतोय, नियोजकाने आधी काय करावं?’ असं विचारलं की माझ्या डोळ्यांसमोर आमचा सुपरवायझर यायचा आणि मी ‘ओव्हरटाइम’वर खूण करायची. संस्थेचं उत्तर होतं: आधी क्षमता तपास, मग अग्रक्रम बदल, आणि मगच खर्चाचा उपाय. दुसऱ्या वेळी मी संस्थेचा शब्दकोश घेऊन बसले. त्यातला प्रत्येक शब्द त्यांच्या व्याख्येसकट वहीत उतरवला आणि शेजारी आमच्या प्लांटमध्ये त्याला काय म्हणतात ते मराठीत लिहिलं. दोन रकान्यांची ती वही माझ्याकडे अजून आहे. तुझ्या इंग्रजीचं उत्तरही त्या वहीतच आहे. या परीक्षेतलं इंग्रजी कथा-कादंबऱ्यांचं नाही. काहीशे शब्द पुन्हा पुन्हा येतात. ते अंगवळणी पडले की प्रश्न वाचायला वेळ लागत नाही.

मी शेड्यूलिंग खरं शिकले ते मात्र परीक्षेच्याही आधी, एका नुकसानीतून. रत्नागिरीजवळच्या एका आंबा कॅनिंगच्या कारखान्यात मी नवीन होते. मे महिना, भाव उतरलेला, कॅनिंगचा आंबा गाड्या भरभरून येत होता. रस काढणारं यंत्र, पल्पर, तासाला 2 टन आंबा काढायचा. मी 15 तासांची पाळी धरली, 30 टनांचा हिशेब केला आणि दिवसाला 30 टन मागवले. रस भरलेले डबे शिजवण्याचे रिटॉर्ट आणि त्यांच्या पुढचं कूलिंग दिवसाला 17 टनांच्या पुढे जात नाही, हे मी कागदावर मांडलंच नव्हतं. रोज 13 टन मागे राहत गेले. चौथ्या दिवशी 50 टनांवर आंबा आढीत, ओसरीवर, शेडबाहेर ताडपत्रीखाली पडलेला होता आणि वास बदलायला लागला होता. हापूस तुमच्या मशीनसाठी थांबत नाही. त्या आठवड्यात फेकलेल्या प्रत्येक पेटीमागे कुणा बागायतदाराचं वर्ष होतं. मालक मला ओरडले नाहीत. त्यांनी मला रिटॉर्टपाशी नेलं आणि एक पूर्ण बॅच होईपर्यंत तिथे उभं केलं. नुसतं बघ, म्हणाले.

सगळ्यांत हळू टप्पा जेवढं सोडतो तेवढंच कारखान्यातून बाहेर पडतं. बाकीची यंत्रं कितीही पळवली तरी मध्ये ढीग वाढतो, एवढंच. इस्रायली भौतिकशास्त्रज्ञ एलियाहू गोल्डरॅट यांनी 1980 च्या दशकात यावर पूर्ण विचारपद्धती उभी केली. सगळ्यांत हळू टप्प्याच्या तालावर माल आत घ्यायचा, त्याच्यासमोर थोडा राखीव साठा ठेवायचा, म्हणजे तो कधी रिकामा बसणार नाही, आणि पहिल्या टप्प्याला त्याच्या तालाशी दोरीने बांधायचं. परीक्षेत हे ढोल, राखीव आणि दोरी या रूपात येतं; ढोल म्हणजे तो सगळ्यांत हळू टप्पा. मला ते रिटॉर्टसमोर उभं राहून कळलं.

तुला ते आंब्यापेक्षा रेल्वेवरून लवकर कळेल. आपली कोकण रेल्वे 1998 च्या 26 जानेवारीला पूर्ण सुरू झाली आणि आजही तिचा बराचसा मार्ग एकेरी आहे. गाडी मध्येच कुठल्या तरी स्टेशनात उभी राहते, माणसं खाली उतरून चहा पितात, कुणी तरी सांगतं, क्रॉसिंग आहे. दोन स्टेशनांमधल्या एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी, यापलीकडे तिथे काही चालत नाही. राजधानी असो नाहीतर मालगाडी. कुणाला आधी सोडायचं हे ठरवता येतं, दोघींना एकदम सोडता येत नाही. मर्यादित क्षमतेचं शेड्यूलिंग म्हणजे हेच. एक्सेलमधलं तुझं शेड्यूल मात्र बहुतेक अमर्याद क्षमतेवर चालतं. एकाच ड्रायरवर मंगळवारी तीन बॅचेस लिहिल्यास तरी एक्सेल तक्रार करत नाही, ड्रायर करतो. आणि तो सकाळी अकराला करतो.

आता तुझ्या लोट्याचं बघू. तुझ्याकडे रिॲक्टर आहेत, सेंट्रीफ्यूज आहे, ड्रायर आहे. ढोल कोणता? ‘ड्रायर मोकळा नसतो’ असं तू लिहिलंयस, म्हणजे तुझा संशय ड्रायरवर आहे. पण रसायन कारखान्यांत मी अनेकदा पाहिलं की खरा ढोल शेड्यूलच्या कागदावर नसतोच. तो ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत असतो. सांडपाण्याची टाकी भरली की बॅच सुरू करता येत नाही, आणि रिॲक्टर धुण्याचं पाणीही त्याच टाकीत जातं. म्हणजे उत्पादन बदललंस की धुणं आलं, धुणं आलं की टाकी भरली. म्हणूनच फिक्या रंगाचं उत्पादन आधी आणि गडद नंतर, एका कुळातली उत्पादनं एकामागून एक, असा कॅम्पेन लावला की दोन धुण्यांचं पाणी वाचतं. यंत्र लावण्या-धुण्याचा वेळ क्रमावर अवलंबून असणं हा अभ्यासक्रमातला एक मुद्दा आहे. तुझ्याकडे तो पाण्याच्या टाकीत मोजता येतो.

तर त्या दोन-अडीच महिन्यांत करायचं ते असं. उद्यापासून एक वही घे. रोज सकाळी अकराला, तुझं शेड्यूल मोडतं त्याच वेळी, तीन गोष्टी लिही: काय ठरलं होतं, काय झालं, आणि कारण एका शब्दात. घाट. सेल्स. ड्रायर. ईटीपी. माणूस. वीज. वाक्यं लिहू नकोस, वाक्यांत आपण दुसऱ्याला दोष द्यायला लागतो. आठ आठवडे लिही. त्यानंतर बेरीज कर. सगळी कारणं सारख्या वजनाची आहेत असं तुला आज वाटतंय, कारण प्रत्येकाचा त्रास ताजा आहे. बेरजेत एक-दोन कारणंच वर येतील.

त्याच वहीत आठवड्यातून एकदा आणखी एक आकडा लिही: रिॲक्टरमध्ये शिरलेल्या पण अजून पॅकिंगला न पोचलेल्या बॅचेस किती. पुढे एमआयटीत प्राध्यापक झालेले जॉन लिटल यांनी 1961 साली एक साधा नियम सिद्ध केला. आत अडकलेला माल म्हणजे बाहेर पडण्याचा वेग गुणिले आत घालवलेला वेळ. तुझ्याकडे 24 बॅचेस आत असतील आणि दिवसाला 3 बाहेर पडत असतील, तर आज सुरू केलेली बॅच सरासरी आठव्या दिवशी बाहेर येणार. सेल्सने गिऱ्हाइकाला चार दिवस सांगितले असतील तर ते चार दिवस कुठल्याच प्लॅनिंगने येणार नाहीत. हा एक भागाकार प्लांट हेडसमोर ठेव. त्यात वादाला जागा नाही.

आणखी एक नियम देते, तो परीक्षेतही येतो आणि दोन टप्प्यांच्या कामाला तसाच लागू पडतो. एस. एम. जॉन्सन यांनी तो 1954 मध्ये मांडला. समज चार बॅचेस आहेत, प्रत्येकीला आधी रिॲक्टर आणि मग ड्रायर. अ ला 8 तास आणि 3, ब ला 2 आणि 6, क ला 5 आणि 7, ड ला 6 आणि 4. आल्या तशा अ, ब, क, ड लावल्यास तर शेवटची बॅच ड्रायरमधून 28 व्या तासाला निघते. जॉन्सनचा नियम सांगतो, सगळ्या आकड्यांत सर्वांत लहान शोध. तो पहिल्या टप्प्यातला असेल तर ती बॅच सगळ्यांत पुढे, दुसऱ्या टप्प्यातला असेल तर सगळ्यांत मागे, मग उरलेल्यांत पुन्हा तेच. इथे क्रम येतो ब, क, ड, अ. पेन्सिलीने तास मांडून बघ, काम 24 व्या तासाला संपतं. यंत्रं तीच, माणसं तीच, चार तास वाचले. तुझ्या प्लांटमध्ये मधला सेंट्रीफ्यूज आणि धुणं धरलं तर हा नियम जसाच्या तसा चालणार नाही. पण क्रम हीच एक फुकटची क्षमता आहे, हे मी पहिल्यांदा या उदाहरणावरून शिकले. त्या रात्री मला झोप लागली नाही, एवढा आनंद झाला होता.

सेल्सच्या फोनबद्दल. इथे मला शीर्षकातला गडगा हवा आहे. अभ्यासक्रमात त्याला टाइम फेन्स म्हणतात. आपल्याकडे कलमांच्या बागेला जांभ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण असतं. गुरं आत शिरायची तर बेडं, म्हणजे त्याचं फाटक, उघडावं लागतं, आणि बेडं कुणी उघडायचं हे घरात ठरलेलं असतं. शेड्यूलचंही तसंच. पुढचे तीन दिवस गडग्याच्या आत. तिथे बदल करायचा तर फक्त प्लांट हेडच्या सहीने. चौथ्या दिवसापासून दहाव्यापर्यंत तू सेल्सशी बोलून अदलाबदल करशील. त्यापुढे त्यांना हवं ते मागू दे. तीन दिवस का? तुझी एक बॅच रिॲक्टरमध्ये माल घालण्यापासून पॅकिंगपर्यंत साधारण किती दिवस घेते त्यावर ते ठरतं. तुझा आकडा तू वहीतून काढ, माझा घेऊ नकोस.

आणि प्लांट हेड. ‘कागदावरचं प्लॅनिंग इथे चालत नाही’ हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या कारखान्यांत, तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकलंय. तिघेही कामाचे पक्के होते. त्यांनी वर्षानुवर्षं मोडणारे कागद पाहिले होते, म्हणून ते तसं बोलत. तुझ्या साहेबांना प्रमाणपत्र दाखवून काही होणार नाही. आठ आठवड्यांची बेरीज घेऊन जा आणि बेडं त्यांच्याच हातात दे. सहीचा अधिकार त्यांचा आहे असं कळलं की गडगा त्यांचाही होतो.

घाटाचं वेगळं सांगते. परशुराम घाटात दरड आली की काय होतं ते तुला सांगायला नको, आणि 2021 च्या 22 जुलैचा पूर चिपळूणकर आजही तारखेने सांगतात. तरी आपण वर्षभर एकाच लीड टाइमवर, म्हणजे मागवल्यापासून पोचेपर्यंतचा एकच वेळ धरून, माल मागवतो. कोकण रेल्वे तसं करत नाही. दर पावसाळ्यात तिचं वेगळं वेळापत्रक लागतं. दरडीच्या भीतीने वेग कमी ठेवायचा असतो, म्हणून गाडी उशिरा पोचणार हे ती आधीच छापून सांगते. तूही तुझ्या एक्सेलमध्ये पावसाळी वेळापत्रक कर. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत घाटमाथ्यावरून येणाऱ्या प्रत्येक मालाचा लीड टाइम वेगळा धर. किती जास्त, ते मागच्या तीन वर्षांच्या आवक नोंदींतून काढ. गेटवरच्या रजिस्टरमध्ये तारखा असतात. आणि कॅलेंडरमध्ये गणपती आणि शिमगा नीट मांड. कारखान्याच्या सुट्टीच्या यादीत दीड दिवस असतो, पण माणसं किती दिवस गावी जातात ते तुला माहीत आहे. क्षमता यंत्राची नसते, हजेरीची असते. आपल्या मच्छीमारांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. 1 जून ते 31 जुलै बंदी, जाळी ओढून ठेवलेली, होड्या शाकारलेल्या. माल प्रक्रिया करणाऱ्यांनाही ते दोन महिने वर्षाच्या मांडणीत आधी धरावे लागतात.

आता पैसे. 1 लाख 40 हजारांत नेमकं काय येतं ते क्लासला लिहून द्यायला सांग: संस्थेचं सभासदत्व, अभ्याससाहित्य, परीक्षेची फी, शिकवणी, यांचे आकडे वेगवेगळे. मूळ फी डॉलरमध्ये असते. शिकवणी काढून टाकली तर किती उरतं ते बघ. ज्या बाईने सहा वर्षं प्लॅनिंग केलंय तिला संस्थेचं साहित्य स्वतः वाचता येतं, असं माझं स्पष्ट मत आहे. शिकवणीचा उपयोग शिस्तीसाठी होतो, आणि शिस्त तुला दुसरीकडून मिळू शकते. परीक्षेचे नियम आणि फी बदलत असतात, तेव्हा पैसे भरायच्या आधी संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतः वाच. कंपनीला विचारलंस का? पत्रात तसं दिसत नाही. एचआरला लेखी विचार, अर्धी फी पास झाल्यावर परत अशी सोय अनेक ठिकाणी मिळते. मिळाली तर बदल्यात किती वर्षांचा बाँड मागतात ते सही करण्याआधी वाच.

त्याच्याही आधी आयआयटीच्या प्राध्यापकांचे एनपीटीईएल या ऑनलाइन मंचावरचे ऑपरेशन्सचे अभ्यासक्रम बघ. ऐकायला फुकट आहेत. त्यातले दोन-तीन आठवडे ऐकून झोप आली तर हा विषय तुझा नाही आणि लाख रुपये वाचले. पुढचं ऐकावंसं वाटलं तर मला काही सांगायची गरज नाही. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंटच्या पदविकाही आहेत. तुला खरेदी आणि भांडाराकडे वळायचं असेल तर त्या बघ. तुझं मन शेड्यूलमध्ये आहे, म्हणून मी सीपीआयएमकडे झुकते.

कोकण सोडायचं नाही, हे तू एका ओळीत लिहिलंस आणि पुढे गेलीस. मी त्यावर सगळ्यांत जास्त विचार केला. खरं सांगते. जाहिरातीत सीपीआयएम मागणाऱ्या नोकऱ्या मुख्यतः पुणे-चाकण, मुंबई, बंगळूर इथल्या बहुराष्ट्रीय कंपन्यांत असतात. लोटे, महाड, मिरजोळे इथे ते प्रमाणपत्र पाहून पगार वाढवणारे मालक मला फार भेटले नाहीत. तुझ्या मैत्रिणीला जागा मिळाली ती प्रमाणपत्राइतकीच चाकणमुळे. तेव्हा पगारवाढीच्या हिशेबाने हे करत असशील तर करू नकोस, तो हिशेब इथे जमत नाही.

तरीही ‘दे’ म्हणते, कारण इथे या कामाची माणसं कमी आहेत आणि काम भरपूर आहे. एक महिना धावून अकरा महिने थांबणारं कॅनिंग, दोन महिने बंद राहणारी मासळी, वेंगुर्ल्या-मालवणचे काजू कारखाने जे एका हंगामात घेतलेल्या कच्च्या बीवर वर्ष काढतात. या सगळ्यांना साठा किती, कधी आणि कोणत्या क्रमाने हे सांगणारं माणूस हवं असतं, आणि ते बहुतेक ठिकाणी मालकाच्या डोक्यात असतं. डोक्यातलं कागदावर आणणारी बाई लोट्याच्या कारखान्यातही लागते आणि उद्या बाहेरही. मी नोकरी सोडल्यावर तीन कारखान्यांचं शेड्यूल बांधून दिलं, चिपळूण न सोडता.

तुझ्या अभ्यासाचंही शेड्यूल करू, आणि ते मागून पुढे करू. परीक्षा फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात ठेव. त्यानंतर शिमगा आणि मार्चअखेरचं डिस्पॅच, दोन्हींत तुला श्वास मिळणार नाही. तिथून मागे 20 आठवडे मोज, ऑक्टोबरची सुरुवात येते. दिवाळीचे दोन काढ, उरले 18. आठवड्याला 6 तास धर, जास्त धरू नकोस. 108 तास होतात, आणि सहा वर्षांच्या अनुभवावर तेवढे पुरतात. रोज पहाटे दोन तास असं ठरवलंस तर ते अमर्याद क्षमतेचं शेड्यूल झालं. मुलगा एकदा तापाने आजारी पडला की ते मोडेल. चार पहाटा एकेक तास, रविवारी दोन. कंपनीच्या बसमध्ये फक्त शब्दांची वही. शेवटचे तीन आठवडे नवीन काही वाचू नकोस, सराव प्रश्नच सोडव, आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाशेजारी लिही: मी माझ्या प्लांटचं उत्तर दिलं का?

परीक्षा घरून देता येते, पण देऊ नकोस. साडेतीन तास वीज आणि इंटरनेट दोन्ही टिकतील याची खात्री मी माझ्या घरात देऊ शकत नाही. पुण्याचं किंवा मुंबईचं केंद्र घे आणि आदल्या दिवशी पोच. पास झालीस की प्रमाणपत्र पाच वर्षांचं असतं. त्या काळात शिकण्या-शिकवण्याचे 75 गुण जमवले की पुढे चालू राहतं, पुन्हा परीक्षा नाही.

सासूबाईंबद्दल शेवटी लिहिते, पण ते महत्त्वाचं आहे. चार पहाटांचा डबा त्यांच्यावर येणार, तर तो गृहीत धरू नकोस. ऑक्टोबरच्या आधी त्यांच्याजवळ बस आणि कोणते चार दिवस, कोणत्या महिन्यापर्यंत, हे सांगून विचार. फेब्रुवारीत संपणार हे त्यांना कळू दे. माझ्या सासूबाईंनी दोन वर्षं माझ्या मुलींच्या वेण्या घातल्या. मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं, आणि ते मला अजून लागतं.

वही आजच घे. आठ आठवड्यांनी तुझी बेरीज मला पाठव, कारणांच्या शब्दांसकट. ईटीपी किती वेळा आलं ते मला बघायचं आहे.

– ताई